एकटीने वाजवण्याची रचना

धाकटीच्या नवऱ्याला कुणालाही नाही म्हणता येत नसे. दारावर झाडू विकणारा आला की हा दोन झाडू घेई, आणि तो माणूस जिना उतरून खाली जाईपर्यंत 'तिसराही घ्यायला हवा होता का गं?' म्हणून हळहळत बसे. घरातल्या सगळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं आणि सगळे त्याचा यथास्थित फायदा घेत. धाकटी मनातल्या मनात त्याला होयबा म्हणायची, तोंडावर अर्थातच 'अहो'. साऱ्या जगात एकच व्यक्ती अशी होती जिला होयबा बेधडक नाही म्हणू शकत असे, आणि ती म्हणजे धाकटी. हिला नाही म्हटलं तर ही रुसणार नाही, घर सोडून जाणार नाही, चार लोकांत बोलून दाखवणार नाही, अशी त्याची खात्री होती.

होयबा पेशाने संगीतकार, आणि तोही आधुनिक. म्हणजे त्याचं संगीत संपल्यावर लोक टाळ्या वाजवत नसत, कारण ते संपलंय की नाही याची कुणालाच खात्री नसे. एकदा तर लोक रचना संपल्यावरही बराच वेळ शांत बसून राहिले आणि त्यांनी त्या शांततेचंच फार कौतुक केलं. पोटापाण्यासाठी तो बँकांना धुना करून देई. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून आपल्याला तासन्‌तास लटकवून ठेवतात ना, तेव्हा मागे जे वाजत असतं ते. त्याच्या हातून निघालेलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं संगीत तेच, आणि ते ऐकताना लोक त्याला काय काय शिव्या देत असतील, हे तो बिचारा जाणून होता.

धाकटी पियानो वाजवणारी. लग्नाआधी स्टेजवर वाजवायची आणि लोक तिकीट काढून ऐकायला यायचे. लग्नानंतर ती शाळेत मुलांना शिकवू लागली. माहेरहून आणलेला पियानो बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला आणि बघता बघता त्याचं टेबल झालं. त्यावर मावशींचा औषधांचा डबा, सासऱ्यांची मोजपट्टी, सगळ्यांचे चार्जर आणि थोरल्या जाऊबाईंनी घड्या घालून ठेवलेले कपडे. वाजवायचं म्हटलं की आधी हे सगळं उचलून खाली ठेवायचं. आणि पहिला स्वर वाजवला रे वाजवला की आतून हाक ठरलेली, "अगं, माझी पांढरी गोळी कुठे ठेवलीस?"

तर अशा घरात होयबाने एक दिवस धाकटीच्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. वर लिहिलं होतं, 'रचना क्रमांक चार, एकट्या पियानोसाठी'. शहरातल्या छोट्या सभागृहात नव्या संगीताची एक संध्याकाळ होणार होती आणि त्यात होयबाला वीस मिनिटं मिळाली होती. धाकटीने वाजवावं अशी त्याची इच्छा होती.

तिने पानं चाळली. अवघडपणाच्या बाबतीत होयबाने हात म्हणून राखला नव्हता, कारण हात त्याचे नव्हते. उजवा हात डाव्यावरून उडी मारून पलीकडे जायचा आणि तिथे पोचतो न पोचतो तोच त्याला परत बोलावणं यायचं. कुठे एकाच हाताने दोन वेगवेगळ्या वेगात वाजवायचं. कुठे एकच पट्टी दोन बोटांनी आळीपाळीने अशी बडवायची की मधे सुई घालायलाही फट राहू नये. कुठे तर बोटं अपुरी पडतात म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतचा सगळा हात खालच्या पट्ट्यांवर आडवा टाकायचा. धाकटी सरळ नाही म्हणणार होती. पण मग नववं पान आलं.

नवव्या पानावर डावा हात मांडीवर ठेवायचा होता. उजव्या हाताने एका वेळी एकच स्वर वाजवायचा, आणि तो पूर्ण विझल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. बस्स, एवढंच. तिने ते पान एकदा वाजवलं. आत मावशी बोलत होत्या, कढईत काहीतरी तडतडत होतं, तरीही ते पान वाजवताना तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. इतकं, की तिला थोडी लाजच वाटली. या एका पानासाठी बाकीची सोळा पानं वाजवीन, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. आणि दुसरंही एक कारण होतं, जे तिने कुणालाच सांगितलं नाही. स्टेजवर ती एकटी असणार होती. तिथे कुणी येऊन गोळी मागणार नव्हतं.

तालीम सुरू झाली. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, म्हणजे घरातल्यांनी कानात कापूस घालून सहन केलं. मग एका संध्याकाळी धाकटी ती एकच पट्टी बडवण्याची जागा घोटत असताना मावशी हात पुसत बाहेर आल्या. या मावशी म्हणजे होयबाची सख्खी मावशी. सासूबाई गेल्या तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्या अजून चार दिवस संपायची वाट बघत होत्या.

"थांब," मावशी म्हणाल्या. "ही मी आहे."

"काय मावशी?"

"हे टकटकटकटक. हे माझं बोलणं आहे. हुबेहूब मीच! मेल्याने मला श्वास घ्यायलासुद्धा जागा ठेवली नाही."

"छे हो मावशी. हे नुसते स्वर आहेत. कुणावर नाही, कशावर नाही."

"मला सांगतेस? सत्तर वर्षं मी माझा आवाज ऐकतेय."

धाकटीला हसू आवरेना, आणि ते मावशींनी बघितलं. झालं! होयबा कामावरून घरी आला तो थेट आरोपीच्या पिंजऱ्यात.

"बाळा, मी एवढी बोलते?" मावशींनी डोळ्याला पदर लावला.

खरं म्हणजे ही रचना लिहिताना होयबाच्या डोक्यात मावशी नव्हती, कुणीच नव्हतं. तो आकड्यांवरून लिहायचा, चौकोन-चौकोन आखून. 'नाही' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तेच तर म्हणता येत नव्हतं ना!

"हो मावशी," तो म्हणाला. "म्हणजे तुला तसं वाटत असेल तर, हो. काढून टाकतो हवं तर."

"काढतोस? म्हणजे माझं बोलणंही आता या घराला नकोसं झालं?"

"नाही नाही, ठेवतो."

"ठेवणारच असशील तर नीट ठेव. इतक्यात कसं संपलं? माझं कुठलं बोलणं एवढ्यात संपतं?"

होयबाने त्याच रात्री ती जागा दीड पान वाढवली. दुसऱ्या दिवशी धाकटीची दोन बोटं संध्याकाळपर्यंत सुजली.

ही बातमी घरात पसरायला कितीसा वेळ लागणार? सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. घरातल्या प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी त्यांना तोंडपाठ होती, सुनांच्या स्वभावाची मात्र नव्हती. त्यांची शिंक गल्लीत प्रसिद्ध होती. आधी एक श्वास, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा, आणि मग असा काही स्फोट की समोरच्या घरातला कुत्रा भुंकू लागे. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांच्या कानावर धाकटीची तालीम पडली. चढत जाणारे दोन आघात आणि मागोमाग खालच्या पट्ट्यांवर आडवा हात. सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"ही आमची शिंक आहे," ते म्हणाले. ते चिडले नव्हते. उलट त्यांना भरून आल्यासारखं झालं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची दखल घेतली होती. पण काम चोख हवं हा त्यांचा खाक्या. "फक्त मोजमाप चुकलंय. मी श्वास तीनदा ओढतो. इथे दोनदाच आहे. आणि सूनबाई, तुझा हात बघू." त्यांनी मोजपट्टी लावून तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत मोजला आणि मान हलवली. "पुरणार नाही. माझ्या शिंकेला हा हात लहान आहे. दोन्ही टाकायला सांग त्याला."

"हो बाबा," होयबा म्हणाला.

मग नणंद. ती दातांची डॉक्टर, दवाखाना खालच्याच मजल्यावर. चहाला वर यायची आणि जाताना सगळ्यांना जबडा उघडायला लावून जायची. अगदी वरच्या पट्ट्यांवर दोन स्वर थरथरत राहतात ती जागा तिने दारातच ऐकली आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"काय रे, हे माझं ड्रिल आहे ना?"

"हो ताई," होयबा म्हणाला. आता त्याला सवयच झाली होती.

"एवढं कर्कश? अरे, माझे पेशंट ऐकायला येणारेत. त्यांना वाटेल मी दुखवते! हलकं कर. दुखता कामा नये."

म्हणून ती जागा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने, ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या हाताने वाजवायची ठरली. पेशंटला दुखणार नव्हतं. धाकटीला पार खांद्यापर्यंत दुखत होतं.

उरल्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी काहीच मागितलं नाही, आणि सगळ्यात भीती वाटावी ती त्याचीच. दोन दिवस स्वयंपाकघरात पातेल्यांवर झाकणं जरा जोरात पडत राहिली. तिसऱ्या दिवशी होयबा पाणी प्यायला आत गेला तेव्हा त्या भिंतीशी बोलाव्यात तशा म्हणाल्या, "सगळ्यांना जागा मिळाली म्हणे. बरं झालं. आमचं काय, आम्ही कुठे असणार? आणि नसलेलंच बरं."

होयबा पाणी न पिताच बाहेर आला. त्याने पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत डाव्या हातासाठी एक बारीक, गोल गोल फिरणारी लकेर घातली. इतर कुणी बोलो, शिंको वा दात कोरो, ती खाली चालूच. जाऊबाईंनी पदराला हात पुसत ती ऐकली.

"कुठे थांबत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी धाकटीला चहा गरम मिळाला, आणि तो पिताना धाकटीला त्यांची फार दया आली. पण दया आली म्हणून डाव्या हाताचे कष्ट काही कमी झाले नाहीत.

घोडं आता भलतीकडेच अडलं. मावशींची जागा वाढून वाढून शिंकेच्या आधीपासून शिंकेच्या नंतरपर्यंत पसरली होती.

"अहो, उजव्या हाताने मावशी बोलतायत," धाकटी म्हणाली. "डाव्या हाताने थोरल्या ताई राबतायत. मग बाबांची शिंक कशाने वाजवू? कपाळ माझं!"

"कपाळ," होयबा म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती का? स्पष्ट सांगायचं, नाही जमणार म्हणून. पण धाकटीला नववं पान हवं होतं. सगळ्यांचं सगळं वाजवून झालं की मधेच एके ठिकाणी डावा हात मांडीवर ठेवायला मिळणार होता. जाऊबाईंची लकेरसुद्धा त्या एका पानावर होयबाने घातली नव्हती, विसरला म्हणा किंवा त्याच्या जिवावर आलं म्हणा. त्या एका पानाच्या जोरावर धाकटीने कपाळाचाही सराव केला. मुलांनी शाळेत विचारलं, बाई, तुमच्या कपाळावर वळ कसले? तिने दारावर आपटले म्हणून सांगितलं.

आणि मग एक दिवस सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. रचना किती वेळाची आहे? होयबाने सांगितलं, पंचवीस मिनिटांची. बाई म्हणाल्या, वीस म्हणजे वीस, त्यानंतर खुर्च्या आवरणारी माणसं येतात. होयबा म्हणाला, "हो."

तो फोन ठेवून पियानोपाशी आला तेव्हाच धाकटीने ओळखलं.

"नववं पान काढतोय," तो म्हणाला.

"नाही."

"अगं, ते हळू चालतं म्हणून सगळ्यात जास्त वेळ खातं. आणि आहेच काय त्यात? चार स्वर."

"त्या चार स्वरांसाठी मी बाकीचं सगळं वाजवतेय. कपाळाने वाजवतेय! दुसऱ्या कुणाचं काढा ना."

"मावशीचं काढलं तर ती गावाला निघून जाईल. बाबांना किती आनंद झालाय बघतेस ना. ताईने पेशंटना तिकिटं विकलीत. आणि वहिनीचं काढायची तुझी हिंमत आहे का? माझी नाही." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू घरचीच आहेस."

"आणि ते कोण आहेत?"

"तेही घरचेच. पण तू समजून घेतेस."

आणि त्याने ते पान गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवलं. त्यालाही वाईट वाटत होतं, पण त्याला वाईट वाटून कुणाचं काय भलं होणार होतं? संध्याकाळी जेवायला बसताना धाकटीला दिसलं, जेवणाचं टेबल आज डुगडुगत नाहीये. सासऱ्यांनी त्या पानाच्या चार घड्या करून टेबलाच्या आखूड पायाखाली घातल्या होत्या.

"बरोब्बर बसलं," सासरे म्हणाले. "केसाचाही फरक नाही."

धाकटी ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन रडली. तिला सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. वाजवणारच नाही असं सांगून टाकावं, असं तिने ठरवलं, आणि तोंड धुऊन बाहेर येईतो ते मोडलंही. पान गेलं तर गेलं, स्टेज तर अजून होतं. वीस मिनिटं तिथे ती एकटी बसणार होती आणि लोक गप्प बसणार होते. पानं उलटायला नवरा शेजारी असेल, पण पानं उलटणाऱ्याला कुणी मोजत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी घरातली मंडळी लग्नाला निघाल्यासारखी नटली. दुसरी रांग त्यांनी पूर्ण अडवली. नणंदेचे पेशंट मागे एका ओळीत बसले, गालाला हात लावून. पहिल्या रांगेत शहरातले जाणकार होते, आणि त्यांच्या मधोमध एक दाढीवाले गृहस्थ, ज्यांची मान हलली की बाकीच्यांच्या माना हलत. ते कार्यक्रमाआधी शेजाऱ्याला सांगत होते की आजच्या संगीतात कुठे काय सुरू होईल ते सांगता येत नाही, माणसाने सावध असायला हवं.

धाकटी स्टेजवर आली, बसली. क्षणभर सगळं कसं शांत झालं. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि तिने डाव्या हाताने जाऊबाईंना सुरू केलं.

पहिली पानं तिने अशी वाजवली की दाढीवाल्यांची मान थांबेचना. हात हातावरून उडत होते. मग मावशी सुरू झाल्या, टकटकटकटक, आणि दुसऱ्या रांगेतून मावशींचा स्वतःचा आवाज आला, "ही मी." शेजारच्या अनोळखी बाईला त्या सांगत होत्या. कुणीतरी 'शू' केलं. मावशी त्यालाही म्हणाल्या, "अहो, मीच आहे ती."

मग बाबांची शिंक आली. धाकटीने पहिला श्वास वाजवला. दुसऱ्या रांगेत सासरे ताठ बसले. तिने दुसरा वाजवला, आणि सासऱ्यांचं नाक फुललं. तिसरा श्वास वाजवून तिने कपाळ खाली न्यायला सुरुवात केली, तेवढ्यात सासरे खरोखरच शिंकले.

अशी शिंक त्या सभागृहाने कधी ऐकली नव्हती. पियानोच्या तारा आपोआप झणझणल्या. धाकटीचं कपाळ वाटेतच थांबलं, कारण आता ते खाली आपटण्यात काही अर्थच उरला नव्हता. पहिल्या रांगेतल्या दाढीवाल्यांनी डोळे मिटून "वा!" म्हटलं. पण होयबा दचकला आणि त्याच्या हातून एकदम दोन पानं उलटली गेली. समोर नणंदेचं ड्रिल आलं, म्हणून धाकटीने ते वाजवायला घेतलं.

"अगं, मी अजून बोलतेय!" मावशी उभ्या राहिल्या. "माझं मधेच तोडलंत! बाळा, पान मागे घे."

"हो मावशी," स्टेजवरून होयबा म्हणाला आणि त्याने पान मागे घेतलं. धाकटीने मावशींना वाजवायला घेतलं.

"अरे, हे काय?" नणंद उभी राहिली. "माझं अर्धवट टाकून? तोंड उघडं ठेवून मी कधी कुणाला सोडते का?" मागच्या ओळीतल्या पेशंटांनी माना डोलावल्या.

"हो ताई," म्हणून होयबाने पान पुढे घेतलं.

"मापात काहीही चूक नव्हती," सासरे उभे राहून सगळ्या सभागृहाला सांगू लागले. "तीन श्वास बरोबर झाले. माझ्याकडून काही दोष नाही."

पान मागे जात होतं, पान पुढे येत होतं, आणि समोर जे येईल ते धाकटी वाजवत होती. मावशी नणंदेला म्हणत होत्या की मोठ्यांचं बोलणं आधी संपू द्यावं. नणंद म्हणत होती, ते संपतं तरी कधी? आणि त्या गोंधळात जाऊबाई उठल्या. त्या उठल्या तशी सगळी गप्प झाली.

"पहिल्या पानापासून मी चाललेय," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "एक क्षण थांबलेली नाही. तुमची शिंक माझ्यावर, तुमच्या गप्पा माझ्यावर, तुमचे दात माझ्यावर. माझ्याबद्दल एका तरी माणसाने तोंडातून अवाक्षर काढलं?"

आणि पर्स काखेत मारून त्या तरातरा बाहेर चालू लागल्या.

"अगं वहिनी, थांब!" म्हणत नणंद मागे धावली. डॉक्टर निघाल्या म्हणून पेशंटही उठले. मावशी बोलत बोलतच निघाल्या आणि सासरे पुढच्या शिंकेचा पहिला श्वास ओढत त्यांच्या मागे. दार उघडं राहिलं आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत भांडण पुन्हा रंगात आलं.

मग दाढीवाले हळूच उठले. रचना बाहेर गेली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी अदबीने कोट सावरला आणि पाय न वाजवता दाराकडे निघाले. ते निघाले म्हणून बाकीचे जाणकार निघाले, आणि जाणकार निघाले म्हटल्यावर उरलेल्यांना आपण मूर्ख ठरायची भीती वाटली. सगळं सभागृह रांगेने, श्वास रोखून बाहेर गेलं. व्यवस्थापक बाईंनी आधी दार धरून ठेवलं आणि शेवटी त्याही गेल्या. थोड्या वेळात बाहेरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मावशींनी बहुधा पहिल्यापासून सांगायला घेतलं होतं.

धाकटीचा डावा हात अजून चालूच होता. जाऊबाई निघून गेल्या तरी त्यांचं काम संपलं नव्हतं. तिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि हात उचलून मांडीवर ठेवला.

"अगं, सगळे गेले," होयबा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बोलावून आणू?"

"नको. मी नववं पान वाजवणार आहे."

"ते? ते बाबांनी टेबलाच्या..."

"पाठ आहे मला."

होयबाचा चेहरा उजळला. खरं सांगायचं तर ते पान त्यालाही फार आवडायचं. आकडे आणि चौकोन न मांडता त्याने लिहिलेलं ते एकच पान होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि हातांची घडी घालून, शहाण्या मुलासारखा ऐकायला बसला.

"तुम्हीही जा," धाकटी म्हणाली.

"मी? अगं, मी लिहिलंय ते."

"हो."

"मग मी ऐकायचं नाही?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्याचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं त्या घरात राहून 'हो' तिच्याही जिभेवर बसलं होतं, आत्ताही ते अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

होयबा उठला. पानांचा गठ्ठा कुठे ठेवावा हे न कळून त्याने तो छातीशी धरला आणि खुर्च्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेला. तिथे तो थांबला.

"दार ओढून घेऊ का?"

"घ्या."

"आतून," त्याने आशेने विचारलं, "की बाहेरून?"

"बाहेरून."

दार लागलं. मावशींचा आवाज पलीकडे राहिला. धाकटीने उजवा हात पुढे केला आणि पहिला स्वर वाजवला. तो पूर्ण विझेपर्यंत ती थांबली, आणि कुणीही तिच्याकडे काही मागितलं नाही. मग तिने दुसरा वाजवला.